क्लारामावशीचे सतरा भोपळे

किर्गिझस्तानातल्या तोकमोक गावच्या बाजारात क्लारा निगाय या कोरियन बाईला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक तिची तिखट गाजराची कोशिंबीर आणि दुसरी तिची जीभ. दोन्हींत जास्त झणझणीत काय, यावर गिऱ्हाइकांचं कधी एकमत झालं नाही. कोणी भावात घासाघीस करू लागलं, की ती म्हणायची, "स्वस्त हवीत तर अख्खी गाजरं घ्या बाई, दात आहेत ना तुम्हाला?" आणि तरी दुपारी बारापर्यंत तिची सगळी घमेली रिकामी झालेली असायची.

त्याआधी चोवीस वर्षं ती काचेच्या कारखान्यात होती. समोरून काच सरकत यायची, ती उजेडात बघायची, बुडबुडा किंवा चरा दिसला की खडूने फुली. तिच्या नजरेतून एक चरा सुटला तर शपथ! कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बाया रडल्या. क्लारा घरी आली, किसणी काढली आणि म्हणाली, "आता गाजरं तपासू."

प्रार्थनाघराशी तिचा संबंध आला तोही गाजरांमुळेच. एका सणाच्या जेवणासाठी तिथून पाच किलो कोशिंबिरीची मागणी आली, म्हणून ती घमेलं घेऊन गेली. मागच्या खोलीत पंधराएक मुलं दंगा करत होती आणि त्यांची शिक्षिका लिझा रडकुंडीला आली होती, कारण घरी तिचं स्वतःचं बाळ तापाने फणफणलं होतं. "ताई, पाच मिनिटं बसता यांच्यापाशी? मी आलेच," असं म्हणून लिझा जी गेली, ती थेट पुढच्या रविवारी उगवली. क्लाराने त्या दिवशी पंधरा नाकं पुसली, दोन मारामाऱ्या सोडवल्या आणि वेळ जाईना तेव्हा नोहाची गोष्ट सांगितली. गोष्ट तिला अर्धवटच येत होती. म्हणून तिने तारवात प्राण्यांबरोबर गाजरांची चाळीस पोती चढवली आणि ससा-सशिणीने ती तिसऱ्याच दिवशी फस्त केल्याचं सांगितलं. मुलं पोट धरधरून हसली. पुढच्या रविवारी सगळ्यांनी एकच धोशा लावला, क्लारामावशी पाहिजे.

ती पाच मिनिटं संपायची आहेत अजून. एकोणीस वर्षं झाली.

तिचा नवरा त्रोफीम प्रार्थनाघराच्या फाटकापर्यंत यायचा, आत नाही. रविवारी पहाटे पाचला ती मुलांसाठी रव्याची खीर ढवळत उभी असायची, तेव्हा तो पांघरुणातून विचारायचा, "पगारवाढ झाली का गं यंदा?"

"झाली. दुप्पट."

"म्हणजे किती?"

"शून्याची दुप्पट कर आणि झोप."

आता भोपळ्यांचं सांगते. दर शरद ऋतूत प्रार्थनाघरात कापणीचा सण होतो. पुढच्या ओट्यावर गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदं, द्राक्षं, ताज्या पावाचे हे एवढाले गोल, असं सगळं रचतात आणि देवाचे आभार मानतात. मुलांचे असायचे भोपळे, क्लाराच्या परसातले. पहिल्याच वर्षी मोठा भोपळा कोणाचा यावरून ओट्यासमोरच जुंपली. पाळकसाहेब प्रार्थना करतायत आणि खाली दोन पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटतायत! पुढच्या वर्षी जूनच्या शेवटाला, भोपळे मुठीएवढे असताना, क्लाराने मुलांना परसात बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एक खिळा दिला आणि सांगितलं, "आपापला भोपळा निवडा आणि त्यावर नाव कोरा. अगदी बारीक, सालीपुरतं. भोपळा वाढेल तसं नावही वाढेल."

आणि खरंच वाढतं. ओरखडा भरून येतो, त्यावर खरखरीत खपली धरते आणि भोपळ्याबरोबर ती रुंदावत जाते. सप्टेंबरात बोट फिरवलं तर आंधळ्यालाही वाचता येईल असं नाव उमटलेलं असतं. सणाच्या दिवशी प्रत्येक मूल आपला भोपळा पोटाशी धरून पुढे नेऊन ठेवायचं आणि सण झाला, की तोच भोपळा गल्लीतल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्याच्या दारात पोचवून यायचं. हे दुसरं काम मुलांना जड जायचं. काही रडायचीसुद्धा. क्लारा म्हणायची, "रडा, पण चालत चालत रडा. म्हातारी वाट बघतेय."

ही गोष्ट घडली त्या वर्षी मुलं सतरा होती. सतरावी रेगीना. आठ वर्षांची, काटकुळी, बोलायला महाकंजूस. तिची आई मॉस्कोत एका दुकानात कामाला आणि ही इथे मावशीकडे. मावशी वाईट नव्हती हो, पण तिच्या स्वतःच्या दोन मुली होत्या, मोठ्या. त्यामुळे रेगीनाच्या अंगावरचा कोट स्नेझानाचा, पायातले बूट झान्नाचे आणि दप्तरावरचं नाव खोडून खोडून शेवटी कोणाचं होतं हेच कळेनासं झालेलं. कोटाच्या कॉलरला आतून शाईने 'स्नेझाना' लिहिलं होतं. शाळेत मुलं हिला त्याच नावाने चिडवायची.

जूनमध्ये क्लाराने खिळा दिला तेव्हा रेगीनाने तीनदा विचारलं, "माझंच नाव लिहू?"

"मग काय माझं लिहितेस?"

"आणि ते पुसलं तर?"

"पुसायचं म्हटलं तरी पुसत नाही. आणि नंतर कोणाला लिहायचं म्हटलं तर लिहिताही येत नाही. म्हणून नीट लिही."

पोरीने जीभ बाहेर काढून अर्धा तास घालवला. त्यानंतर दर रविवारी खीर खाल्ली की ती क्लाराच्या परसात. पाणी घालायची, लोकरीच्या धाग्याने भोपळ्याचा घेर मोजायची, धाग्याला गाठ मारायची. सप्टेंबरपर्यंत त्या धाग्याला अकरा गाठी झाल्या आणि रेगीनाचा भोपळा सतरांत सगळ्यात मोठा निघाला. त्या दिवशी तिने खिरीची दुसरी वाटी मागितली. याआधी तिने काही मागितलेलं क्लाराने ऐकलं नव्हतं.

सणाच्या आधीच्या मंगळवारी त्रोफीमचा चुलतभाऊ वेनियामीन कारा-बाल्टाहून आला. जेवला, चहा झाला, निघाला. आता आमच्याकडे पाहुण्याच्या गाडीची डिकी रिकामी बंद होत नाही. ती रिकामी बंद झाली, तर घराची अब्रू गेली. त्रोफीमने कांदे भरले, मिरच्या भरल्या, लोणच्याची बरणी ठेवली आणि तरी त्याला डिकीत एक खड्डा दिसला. पडवीत कांद्याच्या पोत्यांपाशी एक भलामोठा भोपळा होता. तो उचलून त्याने खड्ड्यात बसवला.

क्लारा बाजारातून आली, तिने पडवीत पाहिलं आणि तिच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

"त्रोफीम! इथला भोपळा?"

"वेनियाला दिला. का गं?"

"अरे मेल्या, तो रेगीनाचा होता!"

"तुझ्या पोरांचे भोपळे भिंतीशी रांगेत आहेत की. मी रांगेला हात तरी लावलाय का? आणि यावर नावबिव काही नव्हतं."

नाव होतं. जमिनीकडे होतं. कोंबड्या खपल्या टोचतात म्हणून दरवर्षी क्लाराच सगळी नावं खाली करून ठेवायची. आणि रेगीनाचा भोपळा रांगेत मावेना, म्हणून सकाळी तिनेच तो कांद्यांपाशी सरकवला होता. त्रोफीमला झोडपायला तिने तोंड उघडलं, हे सगळं आठवलं आणि तोंड मिटलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. तिला असं गप्प झालेलं बघून त्रोफीमचं धाबंच दणाणलं.

फोन लावला. वेनियामीन म्हणाला, "मोठा भोपळा ना? तो नाही राहिला वहिनी. वाटेत बेलोवोद्स्क गावाच्या अलीकडे माझं टायर पंक्चर झालं. एका किर्गीझ आजीने नातवाला पाठवून मदत केली, वर चहा पाजला. मग मी काय रिकाम्या हाताने निघणार? दिला."

"घर कुठलं?"

"निळं फाटक, दारात जर्दाळूचं झाड."

क्लाराने कपाळावर हात मारून घेतला. चुईच्या अख्ख्या खोऱ्यात ज्या घराला निळं फाटक आणि जर्दाळू नाही, असं एक घर दाखवावं कोणी!

बुधवारी ती शेजारच्या इस्मारकाकांकडे गेली. इस्मारकाका दुंगान, म्हणजे चिनी मुसलमानांच्या वंशातले; भाजीपाला पिकवण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता आणि क्लाराची गाजरं बारकी आहेत हे तिला ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. तिने त्यांना घडलेलं सांगितलं, त्यांच्याकडून तेवढ्याच घेराचा भोपळा आणला, दार लावून घेतलं आणि खिळा काढला. हो, तेच करायला बसली होती ती. कोरायचं, वर राख चोळायची, मातीत लोळवायचा. पहिलं अक्षर काढलं तर त्यातून केशरी पाणी पाझरलं. राख चोळली, तर चिखल झाला. ती भोपळा खिडकीशी घेऊन गेली आणि कारखान्यात धरायची तसा तिरपा उजेडात धरून बघत राहिली. चोवीस वर्षांत तिने एक चरा खपवून घेतला नव्हता. आता ती चरा स्वतः पाडत होती, आणि तोही कोणासाठी? धाग्याला अकरा गाठी मारणाऱ्या पोरीसाठी. ती पोर यावर नुसतं बोट फिरवेल आणि तिला कळेल. क्लाराला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने खिळा खिडकीतून बाहेर भिरकावला.

"देवा," ती मोठ्याने म्हणाली, "खोटं मला जमत नाही आणि खरं सांगायची हिंमत नाही. आता तूच काय ते बघ बाबा."

इस्मारकाका कुंपणावरून डोकावले. "देव बघेल तेव्हा बघेल. शुक्रवारी माझी गाडी कोबी घेऊन त्याच रस्त्याने जातेय. पुढे बसायला जागा आहे. मात्र वाटेत बडबड नको."

क्लाराने अर्थातच वाटभर बडबड केली. बेलोवोद्स्कच्या अलीकडे त्यांनी निळी फाटकं मोजायला सुरुवात केली आणि तिसाव्या फाटकाशी मोजणं सोडून दिलं. मग एकेका दारात उतरायचं, विचारायचं, "मंगळवारी कोणाच्या गाडीचं टायर बदललंत का?" प्रत्येक ठिकाणी चहा घ्या, पाव मोडा. पाचव्या चहाला इस्मारकाका म्हणाले, "भोपळा मिळो न मिळो, माझं पोट फुटणार आज." सातव्या दारात एक ठेंगणी म्हातारी उभी होती. डोक्याला पांढरा रुमाल, हात पिठाने माखलेले.

"टायर? माझ्या नातवाने बदललं. कोरियन माणूस होता, फार गोड बोलायचा. का, परत पंक्चर झालं का त्याचं?"

तिचं नाव बुबुषआपा. क्लाराने घडाघडा सगळं सांगून टाकलं आणि पडवीभर नजर फिरवली. भोपळा कुठे दिसेना.

म्हातारी हळूच म्हणाली, "पोरी, तो मी कापला. काल माणसं होती जेवायला. अर्ध्याचं सारण करून कणकेच्या पारीत भरलं, मांटी उकडून वाढल्या. उरलेला अर्धा शेजारणीला दिला."

क्लारा तिथेच पायरीवर बसली. म्हातारी आत गेली आणि चुलीजवळून एक फडकं घेऊन आली. त्यात तळहाताएवढी सालीची फोड होती, गर खरवडून वाळत घातलेली. त्यावर रुंद, खरखरीत अक्षरात लिहिलं होतं, 'रेगीना'.

"सुरी घातली तेव्हा दिसलं नाही. अर्धा पालथा केला तेव्हा दिसलं. लेकराचं नाव आहे, त्यावर सुरी कशी चालवू? बाजूने कापून काढलं. म्हटलं, कोण ना कोण विचारत येईल."

शनिवारी दुपारी प्रार्थनाघराची झाडलोट होती. क्लाराने रेगीनाला मागच्या खोलीत नेलं, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. नाव पालथं ठेवलं ते कोणी, भोपळा सरकवला कोणी, त्रोफीमकाकांनी काय केलं. आपण खोटं नाव कोरायला बसलो होतो, हेही सांगितलं. ते तिने नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण मग ती क्लारा कसली? "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुला माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड. मी कानात बोटं घालणार नाही."

रेगीना ओरडली नाही. फोड हातात घेऊन तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "बाकीचा?"

"खाल्ला त्यांनी."

"किती जणांनी?"

"असतील सात-आठ."

"गोड होता?"

क्लारा गडबडली. शंभर किलोमीटर गेली, सात घरी चहा प्याली, आणि हे एक विचारायचं राहिलं होतं. "अगं, ते मी विचारलंच नाही."

"विचारायला हवं होतं," रेगीना म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. फोड कोटाच्या खिशात घालून ती निघून गेली. त्या रात्री त्रोफीमने क्लारासाठी सूप दोनदा गरम केलं, आणि दोन्ही वेळा ते तसंच राहिलं.

रविवारी ओटा सजला. सोळा मुलं सोळा भोपळे घेऊन रांगेत उभी राहिली. सतरावी भिंतीला टेकून, हात खिशात. क्लाराने तिला खुणेने बोलावलं, तिने मान हलवली. पाळकसाहेब सुरुवात करणार, एवढ्यात फाटकाशी गलका झाला. दारात त्रोफीम होता! इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत. हातात भलंमोठं झाकलेलं पातेलं आणि मागे धापा टाकत बुबुषआपा.

"फाटकातच भेटल्या," त्रोफीम ओशाळून म्हणाला. "पातेलं जड आहे. म्हणून आलो. गैरसमज नको."

म्हातारी उंबऱ्याशीच थांबली. "मी प्रार्थनेला नाही आले हं. पहाटेची व्हॅन पकडून आले, ती त्या मुलीला बघायला. रेगीना कोणती?"

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. म्हातारी तिच्यापाशी गेली.

"तुझा अर्धा भोपळा मी शेजारणीला दिला होता. तो परत मागून आणला. सत्तर वर्षांची झाले, दिलेली वस्तू कोणाकडे परत मागितली नव्हती आजवर. शेजारीण म्हणाली, आपा, डोकं फिरलं का तुझं? म्हटलं, फिरलं असू दे, आण इकडे. त्याच्या मांटी आहेत या. लेकराने आपला भोपळा चाखायला नको का?"

रेगीनाने पातेल्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. "गोड होता?"

"गोड?" बुबुषआपा म्हणाली. "माझा म्हातारा जेवणाला चांगलं म्हणायचा नाही कधी. बेचाळीस वर्षांत एकदाही नाही. गुरुवारी ताट पुसलं आणि म्हणाला, 'ही रेगीना कोण आहे, तिचा हात चांगला आहे.'"

पोर इतकी मोठ्याने हसली, की लिझाच्या हातातली पेंढी खाली पडली. मग तिने त्रोफीमच्या हातून पातेलं घेतलं. तिला ते पेलवेना, म्हणून त्याने एक कान धरला, तिने एक. अशी दोघं मधल्या वाटेने पुढे गेली आणि सोळा भोपळ्यांच्या शेजारी त्यांनी ते पातेलं ठेवलं. पाळकसाहेबांची प्रार्थना त्या वर्षी फार आटोपशीर झाली, कारण वास सगळ्या खोलीत पसरला होता. नंतर रेगीनाने स्वतः पानं वाढली. बुबुषआपाला अंगणात बाकावर पहिलं पान, मग गल्लीतल्या म्हाताऱ्यांना, मग मुलांना. स्वतःसाठी एकच मांटी उरली. ती तिने उभ्यानेच खाल्ली, अगदी सावकाश. आणि पातेलं रिकामं परत जाणार होतं थोडंच? क्लाराने त्यात कोशिंबीर भरली, अंगणात आलेल्या इस्मारकाकांनी वर कोबी ठेवला आणि ते म्हणाले, "हा मात्र खरा माल, आपा. खालची ती बारकी गाजरं."

नावाची फोड क्लाराने मुलांच्या खोलीत खिळ्याने भिंतीवर ठोकली, रेगीनाला विचारून.

पुढच्या जूनमध्ये मुलं परसात जमली. क्लाराने खिळे वाटले. कुंपणापाशी त्रोफीम पाण्याची नळी धरून उभा होता. तो आता दर रविवारी पातेली उचलायला आत येई, आणि पगारवाढीचं विचारायचं त्याने सोडलं होतं. रेगीनाने वेलीच्या टोकाचा भोपळा निवडला आणि जीभ बाहेर काढून कोरायला बसली. क्लाराने वाकून पाहिलं. बारीक, नीट अक्षरात लिहिलं होतं, 'बुबुषआपा'.

"अगं, आणि तुझं नाव?"

रेगीनाने मान वर केली नाही. "माझं आहे की भिंतीवर."

नाक पुसायला क्लाराने रुमाल काढला आणि समोर कोणाचं नाक वाहत नव्हतं, म्हणून स्वतःचंच पुसलं.